धाबे, गच्ची आणि स्लॅब : सपाट छपराच्या खर्चाचा इतिहास

दिल्ली आणि मराठे यांच्या इतिहासात एका छताची गोष्ट आहे, आणि ती आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेतच ऐकलेली असते. इ. स. १७६० च्या पावसाळ्यात सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली. उत्तरेतील वसुली थांबली होती आणि एवढ्या मोठ्या फौजेचा खर्च भागवणे अशक्य झाले होते. अशा वेळी भाऊंनी लाल किल्ल्यातील दिवाण-इ-खासचे रुप्याचे छत काढवले आणि ते वितळवून त्याची नाणी पाडली. ही रक्कम सुमारे नऊ लाख रुपये झाली असे इतिहासकार सांगतात. त्या फौजेला ती फार दिवस पुरणारी नव्हती. पुढे १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर काय घडले ते सर्वश्रुत आहे.

या प्रसंगाच्या गुणदोषांची चर्चा इतिहासपंडितांनी पुष्कळ केली आहे. तिच्यात येथे शिरण्याचे कारण नाही. आपल्या विषयाच्या दृष्टीने लक्षात घेण्यासारखी गोष्ट निराळीच आहे. ते रुपे आतल्या अंगाला शोभेसाठी जडवलेले होते. ते निघाले तरी त्या वास्तूचे छप्पर गेले नाही. ऊन, पाऊस आणि थंडी अडवण्याचे काम वरचे दगड-चुन्याचे सपाट छप्पर करीत होते, आणि त्याची किंमत कोणी केली नाही. छपराच्या बाबतीत हे नेहमीच होत आले आहे. जे दिसते त्याचा भाव आपल्याला तोंडपाठ असतो. जे डोक्यावर असते त्याचा हिशेब ते गळू लागेपर्यंत कोणी मांडत नाही.

तो हिशेब थोडक्यात मांडावा एवढाच या लेखाचा हेतू आहे. सपाट छपराची पूर्ण किंमत बांधतेवेळी कधीच दिली जात नाही. तिचा एक भाग तेव्हा दिला जातो आणि उरलेला पुढे हप्त्याहप्त्याने द्यावा लागतो. पूर्वीचे लोक हा हप्ता दरवर्षी अंगमेहनतीने फेडीत. आपण तो वीस-पंचवीस वर्षे थकवतो आणि मग एकरकमी, व्याजासह भरतो.

दख्खनचे माळवद

आपल्या मुलखात छपराचे दोन प्रांत आहेत. कोकणात पाऊस अडीच-तीन मीटरांचा. तेथे छप्पर उतरते, कौलांचे किंवा गवताचे, आणि दरवर्षी पावसाळ्यापूर्वी त्याची शाकारणी ठरलेली. घाटावर पूर्वेकडे सरकत गेले की सह्याद्रीच्या पर्जन्यछायेचा प्रदेश लागतो. सोलापूर, धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद), लातूर या बाजूला पाऊस साधारणतः पाऊण मीटरच्या आतबाहेर. येथे धाब्याचे, म्हणजेच माळवदाचे घर दिसू लागते. उत्तरेत ढाबा म्हटला की जेवणाची आठवण होते. आपल्याकडे धाबे म्हणजे मातीचे सपाट छप्पर. गच्ची हा शब्दही मुळात छपराचा नव्हे, तर साहित्याचा आहे. गच म्हणजे चुना. चुन्याने गच केलेली ती गच्ची.

माळवदाची रचना साधी आणि जड असे. खांबांवर तुळया, त्यांवर आडव्या कड्या, त्यांवर लहान फांद्यांची किंवा फळ्यांची किलचण, तिच्यावर पाला आणि तुराट्या, मग मातीचा थर आणि सर्वांत वर पांढरी माती. ही पांढरी माती गावाच्या जुन्या वस्तीच्या जागेवरून आणीत. म्हणूनच शेतजमिनीला काळी आणि गावठाणाला पांढरी असे आपण म्हणत आलो. भिजली की ही माती दाट बसते आणि पाणी सहसा खाली जाऊ देत नाही.

या छपराला पैसा फारसा लागत नसे. पण श्रम लागत, आणि तेही वेळच्या वेळी. मृगापूर्वी पांढरीच्या पाट्या आणून वर पसरायच्या, भेगा बुजवायच्या, पहिल्या सरीनंतर माती चोपायची, पन्हळीतला गाळ काढायचा, श्रावणात उगवलेले गवत उपटायचे. घरधनी, त्याची बायको आणि मुले असे सगळे घर त्या कामाला लागे. हाच तो वार्षिक हप्ता. त्याची नोंद कोणत्याही वहीत होत नसे. छप्पर फुकटात पडते असा समज त्यामुळेच रूढ झाला.

या पद्धतीत एक दोष मात्र होता, आणि त्याची किंमत आपल्या महाराष्ट्राने फार भयंकर दिली. दरवर्षी नवी माती वर पडे. जुनी माती कोणी खाली उतरवीत नसे. वडिलांनी टाकलेल्या थरावर मुलगा थर टाकी, त्यावर नातू. अशा रीतीने कित्येक घरांवर दीड-दोन फूट माती साचली होती. दहा फूट लांब आणि दहा फूट रुंद खोलीवर दीड फूट माती म्हणजे सुमारे सात टन वजन. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लोक निजलेले असताना, पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसरात भूकंप झाला. लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती कोसळल्या आणि त्यांच्यामागून वरचा हा भार आला. उन्हाळ्यात ज्या मातीने घर गार ठेवले, तिच्याखालीच माणसे गाडली गेली.

हे येथे मुद्दाम लिहिले आहे. छपराची दुरुस्ती म्हणजे जुन्यावर नवे घालणे, ही समजूत केवळ खेड्यापुरती नाही. शहरातल्या सुशिक्षित वस्तीतही ती तितकीच पक्की आहे.

दिल्लीची हवा आणि दिल्लीचे छप्पर

दिल्लीचा वार्षिक पाऊस सोलापूर-लातूरच्या पावसाहून फारसा वेगळा नाही. तोही पाऊण मीटरच्या आसपासच. त्यातला बहुतेक जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांत पडतो. म्हणून येथेही सपाट छप्पर पूर्वापार रूढ झाले. फरक आहे तो तापमानाचा. मे-जूनमध्ये सावलीत पंचेचाळीस अंश, जानेवारीच्या पहाटे चार-पाच अंश. उघड्या छपराचा पृष्ठभाग तर जूनच्या दुपारी साठ अंशांच्याही वर जातो, आणि त्यावरच एखादी वळवाची सर येऊन कोसळते. दख्खनच्या छपराला ऊन आणि पाऊस असे दोन शत्रू. दिल्लीच्या छपराला त्यांत थंडीची भर.

या हवेशी जुन्या दिल्लीने चुन्याच्या साह्याने सामना दिला. विटांची रोडी, सुरखी आणि चुना यांचा काला छपरावर पसरीत, आणि मजूर, विशेषतः स्त्रिया, ओळीने बसून लाकडी थापीने तो दिवसच्या दिवस ठोकीत. वरून गुळाचे व बेलफळाच्या गराचे पाणी शिंपडीत. थापी मारली असता ती उसळून वर येऊ लागली, म्हणजे थर पुरता बसला असे समजावे, अशी खूण होती. या कामाला आठवडा लागे. आपल्याकडे यालाच कोबा म्हणतात, आणि मद्रासकडे पातळ विटा उभ्या लावून केलेल्या गच्चीवरही हाच चुन्याचा थर घालीत. चुना सावकाश आवळतो, किंचित लवतो, आणि बारीक भेग पडली तर पावसाच्या पाण्याने स्वतःच ती काही अंशी सांधतो. उष्णतेने फुगणाऱ्या व थंडीने आकसणाऱ्या छपराला असा लवचीक सोबती हवा असतो.

तथापि चुन्यालाही देखरेख लागतेच. मिर्झा गालिब बल्लीमारान भागात भाड्याच्या घरात राहत असे. पाऊस थांबल्यावरही छताचा पाऊस थांबत नाही, अशा आशयाची तक्रार त्याने आपल्या पत्रांत केली आहे. भाडेकरूने दुरुस्ती करावी तर घर त्याचे नाही. मालकाने करावी तर गळती त्याच्या अंथरुणावर होत नाही. पावसात दुरुस्ती करता येत नाही आणि उघडीप झाल्यावर तिची निकड वाटत नाही. दीडशे वर्षांत दिल्लीतली भाषा बदलली, राज्ये बदलली. ही अडचण तेवढी बदललेली नाही.

१२ डिसेंबर १९११ च्या दरबारात राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला आणण्याची घोषणा झाली आणि १९३१ साली नव्या दिल्लीचे उद्घाटन झाले. ल्युटेन्स, बेकर आणि रॉबर्ट टॉर रसेल यांच्या हाताखाली वसलेल्या या शहराने सपाट छप्परच स्वीकारले. लोखंडी गर्डरांवर दगडी पट्ट्या किंवा विटांच्या उथळ कमानी, वर चुन्याचा कोबा किंवा माती आणि त्यावर विटांच्या टाइला, अशी त्या काळच्या घरांची छपरे असत. स्वातंत्र्यानंतर सरकारी नोकरांसाठी वसाहतींमागून वसाहती उठल्या आणि सिमेंट-काँक्रीटची स्लॅब सर्वत्र आली.

सरकारी दरसूचीतील शेण

स्लॅब आली म्हणून माती गेली असे मात्र झाले नाही. सिमेंटवर सरकारचे नियंत्रण होते. ते १९८२ साली अंशतः आणि १९८९ साली पूर्णपणे उठले. शिवाय नुसती स्लॅब उन्हाने तापून खालची खोली भट्टीसारखी करते. म्हणून उत्तर हिंदुस्थानात स्लॅबवर मड फस्का घालण्याची पद्धत रूढ झाली. भारतीय मानक संस्थेने तिच्यासाठी स्वतंत्र मानक तयार केले, आणि केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या दिल्ली दरसूचीत तिची बाब समाविष्ट झाली. ती बाब वाचताना मौज वाटते. दहा सेंटिमीटर जाडीची ओलसर दाबलेली माती. तिच्यावर अडीच सेंटिमीटर मातीचा गिलावा, त्यात घनमीटरला पस्तीस किलो भुसा. त्यावर निम्मी माती व निम्मे शेण यांचे लिंपण. आणि शेवटी विटांच्या टाइला, सांधे सिमेंटने भरलेले. आपल्या आजीने अंगणात जे केले तेच येथे अभियंत्याच्या सहीने, मोजमापासह होत असे.

या छपराने दिल्लीतल्या दोन पिढ्यांना निवारा दिला. संध्याकाळी टाइलांवर पाण्याच्या बादल्या ओतायच्या आणि रात्री खाटा टाकून वर निजायचे, हा सरकारी वसाहतींतला उन्हाळा होता. आपल्या बायकांच्या कुरडया, सांडगे आणि पापड याच गच्च्यांवर वाळले. गच्चीवरच्या एका खोलीला दिल्लीकर बरसाती म्हणतात. अचानक पाऊस आला तर खाटा आत ओढण्यासाठी ती असे, आणि पुढे नव्याने नोकरीला आलेल्या कित्येकांचा पहिला संसार तिच्यातच थाटला गेला.

आता हेच छप्पर बदलायचे झाले तर खर्च कशाचा येतो ते पाहू. रुपयांतील दर दरवर्षी बदलतात. म्हणून हिशेब वजनात मांडणे बरे. शंभर चौरस मीटरचे छप्पर घ्या. दहा सेंटिमीटर माती म्हणजे दहा घनमीटर, सुमारे सोळा टन. गिलाव्याचे चार टन. टाइलांचे सात-साडेसात टन. एकूण सत्तावीस टनांच्या घरात. घमेल्यात वीस किलो राडारोडा मावतो असे धरले, तर जिन्यावरून साडेतेराशे खेपा नुसत्या खाली उतरण्याच्या होतात. नवा माल वर नेण्याच्या खेपा निराळ्या, गाडीभाडे निराळे, आणि काम चालू असताना पाऊस आला तर होणारे नुकसान निराळे. नवे छप्पर घालण्याचा खर्च अंदाजपत्रकात सर्वांना दिसतो. जुने उतरवण्याचा खर्च पाहून मात्र सभासद दचकतात. आणि मग कोणीतरी सुचवतो की, जुने राहू द्या, त्यावरच डांबराचा एक थर मारून घेऊ.

येथे पांढरीच्या पाट्यांची आठवण व्हावी.

स्लॅबचा आजार

स्लॅब का बिघडते हे समजून घेण्यास अभियंता असण्याची गरज नाही. काँक्रीट तापले की वाढते. दहा मीटर लांबीची उघडी स्लॅब जानेवारीच्या पहाटेपासून जूनच्या दुपारपर्यंत सहा-साडेसहा मिलिमीटरने लांब होऊ पाहते. खालची भिंत तेवढी वाढत नाही. ही ओढाताण वर्षानुवर्षे चालते आणि कठड्याच्या बुडाशी, जेथे उभे व आडवे मिळतात, तेथे बारीक भेग पडते. तेथे वाटा, म्हणजे दिल्लीत ज्याला गोला म्हणतात तो, नीट केलेला नसेल तर पाणी आत उतरते. पन्हळीच्या तोंडाशी असलेला खुर्रा पाल्याने तुंबला तर पाणी साचते. शंभर चौरस मीटरवर एक सेंटिमीटर पाऊस म्हणजे हजार लिटर पाणी. वर्षाचे पंचाहत्तर हजार लिटर. ते सगळे दोन-तीन भोकांतून जावयाचे असते.

आत शिरलेले पाणी गळतीच्या रूपाने दिसते तेव्हा आपण त्रासतो. खरे तर गळणारे पाणी प्रामाणिकच म्हटले पाहिजे. न गळता आतच मुरणारे पाणी अधिक घातक. ते लोखंडी सळयांपर्यंत पोचते; गंजलेले लोखंड मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा मागते; आणि खालचा गिलावा पोपडे धरून सुटतो. त्या वेळी घरमालक रंगारी बोलावतो. बोलवावयास हवा असतो सळई उघडी करून पाहणारा माणूस.

याखेरीज खर्च कोणी द्यावयाचा हा प्रश्न आहेच. माळवदाच्या काळी घर एकाचे, छप्परही त्याचेच. आता चार मजल्यांवर चार कुटुंबे राहतात. गळती वरच्या मजल्यावर होते आणि खालचे लोक वर्गणीस कां-कूं करतात. गच्ची वापरण्याचा हक्क मात्र सर्वांना हवा असतो. सरकारी वसाहतीत तर राहणारा बदलीने जातो, आणि अर्ज त्याच्या जागी आलेल्याच्या नावाने नव्याने सुरू होतो. २०१६ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने सरोजिनीनगर, नेताजीनगर, नौरोजीनगर इत्यादी सात सरकारी वसाहतींच्या पुनर्विकासास मंजुरी दिली, आणि आपल्यापैकी अनेकांच्या ओळखीच्या दुमजली घरांचा व त्यांच्या गच्च्यांचा काळ संपला. जमीन सरकारची आणि मोलाची असल्यामुळे तेथे छपराबरोबर सगळे घरच बदलणे शक्य झाले. सार्वजनिक संस्थेला असा मार्ग सहसा उपलब्ध नसतो.

मंडळापुरते

परप्रांतातील मराठी मंडळाची वास्तू कशी उभी राहते हे या अंकाच्या वाचकांस सांगावयास नको. नाटकांचे प्रयोग, गणेशोत्सवातील देणग्या, कोणी दिलेला एक महिन्याचा पगार, कोणा माउलीने मोडलेली बांगडी, यांतून सभागृह होते. देणगीदारांची नावे संगमरवरी पाटीवर कोरली जातात. खुर्च्यांना देणगीदार मिळतो, पंख्यांना मिळतो, रंगमंचाच्या पडद्यालाही मिळतो. छपरावरच्या खुर्ऱ्याला मिळत नाही. कारण तेथे नाव लिहिले तरी वाचायला कोणी जात नाही.

म्हणून ज्या ज्या संस्थेने पन्नास वर्षे पुरी केली, तिने आपल्या अंदाजपत्रकात दुरुस्ती या मोघम बाबीखाली छप्पर न दडवता त्याचे स्वतंत्र खाते उघडावे, अशी नम्र सूचना आहे. दरवर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात, मृगाच्या मुहूर्तावर, कार्यकारिणीच्या दोन सभासदांनी जिना चढावा. खुर्रे साफ करवावेत, कठड्याच्या भेगा पाहाव्यात, पांढऱ्या चुन्याचा एक हात द्यावा. पांढरे छप्पर ऊन परतवते आणि स्लॅबची ओढाताण कमी होते. या कामाला एका सांस्कृतिक कार्यक्रमाच्या चहापानाहून अधिक खर्च येऊ नये. आणि छप्पर बदलण्याची वेळ येईल तेव्हा आधी जुने थर पूर्ण उतरवावेत, सळया पाहाव्यात, उतार नीट द्यावा, मगच नवा थर घालावा. आणि गच्चीवर दोन-तीन दिवस पाणी साठवून, खालचे छत कोरडे राहते की नाही हे पाहूनच ठेकेदाराचे शेवटचे बिल चुकते करावे.

किल्लारीच्या लोकांना आपल्या डोक्यावर किती भार साचला आहे हे कोणी मोजून सांगितले नव्हते. आपल्यापाशी मोजण्याची साधने आहेत, अभियंते सभासद आहेत, हिशेब लिहिणारे तर पुष्कळच आहेत. सभागृहात आपली मुले मराठी नाटकाच्या तालमी करतात आणि वृद्ध मंडळी रविवारी दोन घटका बसतात. त्यांच्या डोक्यावर किती थर आहेत, त्यांचे वजन किती, शेवटचा थर कोणत्या वर्षी घातला आणि त्याआधी जुना काढला होता काय, एवढी चार उत्तरे प्रत्येक मंडळाच्या दप्तरात लिहिलेली असावीत. ती नसतील, तर सुवर्णमहोत्सवी वर्ष संपण्यापूर्वी लिहून घ्यावीत.